अर्धवट कामाची बैठक

वास्तुविशारदांसाठी आपल्याकडे १९७२चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१चा. डॉक्टरांना नोंदणी करावी लागते आणि हलगर्जी झाली तर परिषदेपुढे उत्तर द्यावं लागतं. पैसे पाठवताना कोणता प्रश्न आधी विचारावा, अर्ज अपुरा राहिला तर माणसाला काय सांगावं, ‘नको’ म्हणायचं बटण किती ठळक असावं, हे ठरवणाऱ्या यूएक्स (युझर एक्सपीरियन्स) डिझायनरला मात्र परवाना नाही, परिषद नाही, एकसारखा अभ्यासक्रमही नाही. कुणी आयआयटी मुंबईच्या आयडीसीतून येतं, कुणी अहमदाबादच्या एनआयडीतून, कुणी इंजिनिअरिंग करून, कुणी सहा महिन्यांचा कोर्स करून. व्यवसायाचं नावही तसं नवं आहे. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९३च्या सुमारास अॅपलमध्ये आपल्या पदाला ते जोडलं आणि तिथून ते रुळलं. परवान्याची सक्ती व्हावी असं मला वाटत नाही. उलट वेगवेगळ्या वाटांनी माणसं येतात हे या क्षेत्राचं बळच आहे. पण मग चांगलं काम कशाला म्हणायचं, कुठे थांबायचं, कशाला ठाम नकार द्यायचा, ही समज घडते कुठे? कंपनीत ती पुरेशी घडत नाही, कारण तिथे प्रत्येक निर्णयाला डेडलाइन आणि तिमाहीचं उद्दिष्ट चिकटलेलं असतं. माझं म्हणणं असं की ती घडायची खरी जागा म्हणजे गावोगावच्या डिझायनरांची महिन्याची बैठक. आणि त्या बैठकीने हे काम करायचं असेल तर तिथे तयार कामाच्या जागी अर्धवट काम मांडलं गेलं पाहिजे.

अशा बैठका या क्षेत्राच्या पायातच आहेत. संगणक आणि माणूस यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांचा ‘बेकाय’ नावाचा गट वर्षानुवर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे, झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्राच्या सभागृहात जमत असे. प्रवेश सर्वांना खुला होता. त्याही आधी, ५ मार्च १९७५ रोजी, जवळच्याच मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ पहिल्यांदा भरला. पुढे तो दर पंधरवड्याला भरू लागला, आणि त्याची एक शिस्त ठरली. बैठकीचा पहिला भाग ओळखीचा. माणसं एकेक करून उठायची आणि माझ्याकडे हे आहे, मी इथे अडलोय, मला हे हवंय, एवढं सांगून खाली बसायची. मग दुसरा भाग मोकळा. ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याने त्याला गाठावं, यंत्रं उघडावीत, आकृत्या एकमेकांना द्याव्यात. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी आपल्या पहिल्या संगणकाची आकृती तिथे फुकट वाटली होती. त्या क्लबात भाषणंही होत, पण लोक जात ते अडलेली यंत्रं घेऊन.

पुण्यामुंबईतल्या आजच्या यूएक्स मीटअपचं रूप साधारण ठरलेलं असतं. शनिवारची सकाळ, बाणेर किंवा पवईतल्या एखाद्या कंपनीने देऊ केलेला हॉल, प्रोजेक्टर, दोन वक्ते, शेवटी दहा मिनिटं प्रश्न, मग चहा-समोसा आणि फोटो. व्याख्यानाची आवड आपल्या अंगात मुरलेली आहे. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली ती अजून चालू आहे, आणि तिचा मला मनापासून आदर आहे. लोकशिक्षणासाठी व्याख्यानासारखं साधन नाही. पण एकाच धंद्यातली माणसं आपापसात शिकतात तेव्हा व्याख्यान तोकडं पडतं. वक्ता जी केस स्टडी दाखवतो तिच्यात अडचण असते, संशोधन असतं, भिंतीवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यांचा फोटो असतो, वायरफ्रेम असतात आणि शेवटी वर चढलेला एक आकडा असतो. फेकून दिलेले आराखडे त्यात नसतात. युझर टेस्टिंगमध्ये तिघेजण एकाच पायरीवर अडकले आणि तरीही वेळ नाही म्हणून ती पायरी तशीच ठेवली गेली, हे नसतं. प्रॉडक्ट मॅनेजरशी झालेला वाद नसतो. ऐकणाऱ्या नवख्या मुलीला वाटतं, या लोकांचं सगळं एका सरळ रेषेत घडतं, माझंच काय ते अडतं. सोमवारी ती ऑफिसात जाते तेव्हा शनिवारचं भाषण तिच्या उपयोगी पडत नाही.

धंद्यातलं ज्ञान माणसाकडून माणसाकडे कसं जातं याचा एक नामांकित अभ्यास याच झेरॉक्स कंपनीत झाला. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून त्यांचं काम न्याहाळलं. त्याचं पुस्तक १९९६ साली आलं. कंपनीने प्रत्येक बिघाडासाठी पायरीपायरीने जाणारी पुस्तिका दिली होती. तंत्रज्ञ पुस्तिका जवळ ठेवत, पण अडलेलं यंत्र सुटायचं ते बहुधा जेवणाच्या किंवा नाश्त्याच्या टेबलावर सांगितलेल्या किश्श्यांमुळे. एक जण सांगे की यंत्र अमुक चूक दाखवत होतं, मी दोन तास चुकीच्या जागी शोधलं, मग लक्षात आलं की गोम भलतीकडेच आहे. ऐकणाऱ्याच्या डोक्यात ती चुकलेली वाट पक्की बसे, आणि पुढच्या वेळी तीच उपयोगी पडे. पुढे झेरॉक्सने असे अनुभव साठवायला ‘युरेका’ नावाची संगणकीय व्यवस्था उभारली आणि ती उपयोगी ठरली. मग बैठकीची गरज काय, असं कुणी म्हणेल. पण तिथल्या सूचना तंत्रज्ञांनीच एकमेकांच्या तपासून पुढे पाठवलेल्या असत. विश्वास आधी माणसांत तयार झालेला होता, व्यवस्थेने तो दूरवर नेला.

डिझाइनमधलं असं अडलेलं यंत्र कसं दिसतं, ते आपल्याच लिपीत पाहता येईल. एखाद्या अॅपची मराठी आवृत्ती उघडा आणि ‘पुढे’ लिहिलेलं बटण नीट बघा. प-ला खाली उकार आहे, ढ-वर मात्रा आहे. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने आधीच ठरलेली असेल तर उकाराचं शेपूट कापलं जातं किंवा मात्रेचं टोक उडतं. अर्थ बहुतेकदा कळतो, म्हणून बग नोंदवला जात नाही. पण कापलेली अक्षरं वाचणाऱ्या माणसाच्या मनात एवढं नक्की उमटतं की हे आपल्यासाठी केलेलं नाही. दुसरं उदाहरण त्याहून बारीक आहे. मराठीतले ल आणि श हे हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे. राज्य शासनाने २००९ साली मराठीसाठी ही रूपं निश्चितही केली. काही देवनागरी फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलेलं असेल तरच मराठी वळण दिसतं. काम एका ओळीचं आहे. ही ओळ एखाद्या डिझायनरला खूप शोधाशोध केल्यावर सापडते, तो ती डेव्हलपरला सांगतो, त्या एका अॅपमधलं काम होतं आणि ते ज्ञान तिथेच राहतं. शेजारच्या इमारतीतल्या कंपनीत दुसरं कुणी तेच नव्याने शोधत बसलेलं असतं. नॉर्मन किंवा वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांच्या ग्रंथांत उकाराचं शेपूट सापडणार नाही. ते सापडेल ते शनिवारी टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपवर, अॅपचा पडदा तुटलेल्या अवस्थेत दाखवायची कुणाला लाज वाटली नाही तर.

हे झालं कौशल्याचं. सदसद्विवेकाचा प्रश्न याहून मोठा आहे. नोव्हेंबर २०२३च्या अखेरीस केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे तेरा प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई लावणं, न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला शरमिंदा करणारी भाषा वापरणं, वर्गणी सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं, हे त्यांतले काही. ‘डार्क पॅटर्न’ हा शब्दप्रयोग हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० साली केला होता. म्हणजे सरकारच्या हातातली ही यादी व्यवसायातल्याच एका माणसाने दिलेल्या नावावर उभी आहे. पण त्या तेरांतला एकेक प्रकार कुणीतरी फिगमासारख्या डिझाइनच्या साधनात बसून काढलेला असतो. बहुतेक वेळा तो काढणारा हात जेमतेम दोनतीन वर्षं अनुभवाच्या डिझायनरचा असतो. चौकोनातली खूण आधीच करून ठेवा, असं त्याला सांगितलं जातं. तो एकटा असतो. हे चूक आहे असं त्याला वाटतं, पण हे आपलं एकट्याचंच वाटणं आहे की धंद्याचं मत, हे त्याला ठाऊक नसतं. दर महिन्याला भेटणाऱ्या तीस जणांनी ही चर्चा केलेली असेल, कुणी नकार कसा दिला, कुणी तोच हेतू साधणारा प्रामाणिक पर्याय कसा सुचवला, हे त्याने ऐकलेलं असेल, तर सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याच्या बोलण्याला वजन येतं. परिषद नसलेल्या व्यवसायात शिस्तीचा एवढाच आधार आहे, आणि तो मला अजिबात लहान वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप गुप्ततेचा येतो. क्लायंटशी एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, केलेला आहे, अर्धवट काम बाहेर दाखवलं तर नोकरी जाईल. आक्षेप खरा आहे आणि करार मोडायचा सल्ला मी कुणाला देणार नाही. पण रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन डॉक्टरांनाही असतं. तरी शिकवणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू आणि गुंतागुंतीच्या केसेसची चर्चा करणाऱ्या बैठका नियमित होतात. रोग्याची ओळख झाकलेली असते, चूक उघडी असते. त्या प्रथेमागे बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांचा आग्रह होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी प्रत्येक रोग्यासाठी कार्ड ठेवलं आणि उपचारांनंतर काळ लोटल्यावर त्याचं पुढे काय झालं, काही बिघडलं असेल तर कशामुळे, हे नोंदवलं. त्यासाठी सहकाऱ्यांचा रोषही पत्करला. डिझायनरला तर त्याहून सोपं आहे. क्लायंटचं नाव काढा, रंग काढा, आकडे काढा, पडदा कागदावर पेन्सिलीने पुन्हा काढा. ‘माणूस तिसऱ्या पायरीवर मागे का फिरतो’ हा प्रश्न कुठल्याही कंपनीच्या मालकीचा नसतो. तेवढंही शक्य नसेल तर बाजारात सर्वांसमोर असलेलं अॅप घ्या. यूपीआयमधल्या पैसे मागण्याच्या सोयीचंच बघा. समोरच्याने पाठवलेल्या मागणीला पिन टाकून होकार द्यायचा, अशी ती व्यवस्था होती. भामटे फोन करून सांगत की तुमचे पैसे आलेत, घ्यायला पिन टाका. आणि माणसं टाकत. पडदा नियमानुसारच होता, त्यावर रक्कमही लिहिलेली होती, तरीही फसवणूक होत राहिली. शेवटी व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय १ ऑक्टोबर २०२५पासून बंद करावी लागली. फोनवर कुणीतरी घाई करत असताना माणूस पडदा कसा वाचतो, या एका प्रश्नावर महिन्याची अख्खी बैठक सार्थकी लागेल, आणि त्यात कुणाचंही गुपित फुटणार नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. माणसं जमली की कळप होतो, आणि कळप घाईने निकाल देतो. याचं उदाहरण अमेरिकेतल्या हवाई बेटांचं. १३ जानेवारी २०१८च्या सकाळी तिथल्या लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला आणि तो खोटा असल्याचा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. कर्मचाऱ्याने यादीतला चुकीचा पर्याय निवडला, अशी बातमी आली. त्या यादीचं चित्र फिरू लागलं आणि जगभरच्या डिझायनरांनी तिची चिरफाड केली. नंतर कळलं की ते चित्र प्रत्यक्ष पडद्याचं नव्हतंच. महिनाअखेरीस अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या प्राथमिक अहवालातून आणखी वेगळी गोष्ट पुढे आली. सरावासाठी वाजवलेल्या ध्वनिमुद्रणात ‘हा सराव आहे’ आणि ‘हा सराव नाही’ ही दोन्ही वाक्यं होती, आणि इशारा पाठवणाऱ्याच्या म्हणण्यानुसार त्याला हल्ला खरा वाटला होता. यादी वाईट असेलही. पण पाळी बदलण्याची वेळ, सरावाची पद्धत आणि इशारा मागे घेण्याची तयारीच नसणं, हे त्या चित्रात दिसत नव्हतं. म्हणून बैठकीत एक नियम कडक हवा, पडदा एकटा मांडायचा नाही. तो कोण, कुठे, कशाच्या मध्ये वापरतं, हे सोबत सांगायचं, आणि मत देण्याआधी वापरणाऱ्याला निदान एकदा पाहिलेलं असावं. मोजक्या पाच माणसांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात, हे निल्सन यांनी आकडेमोड करून मांडलं त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. त्या मांडणीवर वादही आहेत. पण पाच माणसं आणि शून्य माणसं यांतला फरक कुणी नाकारलेला नाही.

सगळं इंटरनेटवर मिळतं, शंका एआयला विचारता येते, मग ट्रॅफिकमधून हिंजवडीहून डेक्कनला कशाला यायचं, हेही विचारलं जातं. तयार झालेलं सगळं तिथे मिळतं, हे मान्य. अर्धवट काम मात्र माणूस अनोळखी जगासमोर ठेवत नाही, कारण तिथलं पान पुढच्या मुलाखतीतही उघडतं. आणि मशीन तुमचा आराखडा तपासेल, पण गेल्या मार्चमध्ये तुम्ही काय म्हणाला होतात आणि त्याचं पुढे काय झालं, हे आपणहून विचारणार नाही. तेच चेहरे महिन्यामागून महिने भेटतात तेव्हा हा प्रश्न आपोआप येतो.

ही बैठक नेमकी कुणाची, या आक्षेपाला मात्र माझ्याकडे सुटसुटीत उत्तर नाही. बहुतेक ठिकाणी ती आयटी पार्कमधल्या, इंग्रजीत बोलणाऱ्या, शनिवार मोकळा असणाऱ्या माणसांची असते. घरी लहान मूल असलेली डिझायनर येऊ शकत नाही. नाशिक-कोल्हापूरचा मुलगा आला तरी प्रश्न विचारायला कचरतो, कारण प्रश्न इंग्रजीत विचारावा लागेल असं त्याला वाटतं. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती माणसं तर खोलीत नसतातच. सेतू केंद्रावरचा ऑपरेटर दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरतो. कोणत्या रकान्यावर माणसं अडतात, कोणती फाइल अपलोड होत नाही, कोणत्या ठिकाणी पान बंद पडून सगळं पुन्हा भरावं लागतं, हे त्याला पाठ असतं. बँकेच्या काउंटरवरची बाई, एसटीचा कंडक्टर, गावागावांत फिरून मोबाइलवर नोंदी करणारी आशाताई यांच्याकडेही असं ज्ञान आहे, आणि आपण त्यांना कधी बोलावत नाही. बैठक मराठीत घेणं, मूल घेऊन आलेल्या आईला अवघडल्यासारखं वाटू न देणं, महिन्याला एका तरी अशा माणसाला मानाने बोलावून त्याच्या वेळेचे पैसे देणं, एवढं आज करता येईल. त्याने आक्षेप पुरता मिटणार नाही, पण बैठक बंद ठेवल्याने तर तो मुळीच मिटत नाही.

आयोजक थकतात, हेही खरं. इंटरॅक्शन डिझायनरांची जागतिक संघटना, आयएक्सडीए, जिच्या नावाखाली भारतासह अनेक देशांतल्या शहरांत गट चालत होते, ती २०२४ साली बंद पडली. मोठी संस्था, परिषदा, पुरस्कार हे सगळं चालवायला पैसा लागतो. महिन्याच्या बैठकीला तेवढा लागत नाही, पण एका उत्साही माणसाच्या खांद्यावर ती उभी असेल तर तो नोकरी बदलतो त्या महिन्यात ती संपते. आपल्याकडच्या भिशीकडे बघावं. ती वर्षानुवर्षं चालते, कारण प्रत्येकीचा हप्ता असतो आणि प्रत्येकीचा नंबर लागतो. डिझाइनच्या बैठकीतही आज ज्याने दुसऱ्याच्या कामावर मत दिलं त्याचं काम पुढे कधीतरी टेबलावर यायला हवं, आणि जागा, चहा, टिपणं ही जबाबदारी फिरती हवी. वरिष्ठांनाही नंबर चुकवता येऊ नये. वीस वर्षं काम केलेली बाई ‘इथे काय करावं मला सुचत नाहीये’ असं म्हणते तेव्हा समोरच्या पंचविशीतल्या मुलांना जे कळतं, ते कुठल्याही कोर्समध्ये विकत मिळत नाही.

नोकरीच्या शोधात पोर्टफोलिओ घेऊन बैठकीला येणाऱ्यांबद्दल नाक मुरडलं जातं, तेवढं थांबावं. काम शोधणं हीही गरजच आहे, आणि पोर्टफोलिओ हेही अर्धवट कामच असतं.

म्हणून जे कुणी आपल्या गावात अशी बैठक चालवत असतील त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या महिन्यात वक्ता ठरवू नका. तिघांना त्यांचं अडलेलं काम आणायला सांगा, प्रत्येकाला चाळीस मिनिटं द्या, नावं झाका, आणि जवळच्या सेतू केंद्रावरच्या ऑपरेटरला आमंत्रण द्या. त्याला आधी बोलू द्या.